पाप पदरी घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं? कबुली आणि प्रार्थनेबद्दल, पायरी पायरीने

सोलापुरात कुणाही ख्रिस्ती माणसाच्या घरी कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरातल्या प्रार्थनासभेला जा, प्रार्थनेच्या शेवटी एक वाक्य येतंच येतं, "आणि प्रभू, कळत नकळत आमच्याकडून काही चुकलं माकलं असेल तर क्षमा कर, आमेन." मी स्वतः हे वाक्य वीसेक वर्षं म्हटलंय. त्यात वाईट काही नाही, पण जरा कान देऊन ऐका, त्यात "काही" आहे, "असेल" आहे, "तर" आहे, म्हणजे पाप झालंय की नाही हेच अजून ठरलेलं नाही आणि क्षमा मात्र मागून मोकळं. किराणा दुकानदाराकडे जाऊन कुणी असं म्हणतं का की माझी काही उधारी असेल तर सोडून द्या? तो वही काढतो, तारीख दाखवतो, दोन किलो साखर, एक लिटर तेल, आणि मग काय ते बोलणं होतं.

तर प्रार्थनेत ती वही उघडून कसं बसायचं ते मी लिहितेय. मी पाळक, म्हणजे पास्टर नाही, शिक्षण म्हणाल तर बायबल कॉलेज वगैरे काही नाही, पण या एका गोष्टीने माझी प्रार्थना आधी बंद पाडली आणि नंतर परत चालू केली म्हणून लिहावंसं वाटतं.

आधी माझं सांगते. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या बायकांचा प्रार्थना गट आहे, दर महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये जमतात, कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी मयत झाली की त्यातून मदत जाते. तो डबा माझ्याकडे असायचा. मुलीच्या क्लासची फी भरायची शेवटची तारीख आली, घरात पैसे नव्हते, मी डब्यातून २००० रुपये काढले. मनात म्हटलं हातउसने घेतेय, पगार झाला की ठेवते. पगार झाला तर गॅस संपलेला, पुढच्या महिन्यात लाइटबिल, त्याच्या पुढच्या महिन्यात सासऱ्यांची औषधं, असं करता करता अकरा महिने गेले. कुणी हिशोब विचारला नाही, कारण सगळ्यांचा माझ्यावर विश्वास.

आणि त्या अकरा महिन्यांत माझी प्रार्थना बाहेरून बंद पडली नव्हती बरं का. मीटिंगमध्ये दहा दहा मिनिटं प्रार्थना करायचे, लोक आमेन म्हणायचे. फक्त घरी एकटी बसले की बसवत नव्हतं, दोन मिनिटांत उठून भांडी घासायला लागायचे. बायबलमधल्या ३२ व्या स्तोत्रात दावीद राजा म्हणतो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, उन्हाळ्याच्या तापाने ओल सुकून जावी तसं माझं झालं. ही ओळ कळायला सोलापूरचा मे महिना पुरेसा आहे. दुपारी दोनला ओली चादर वाळत टाकली तर दुसरं टोक पसरेपर्यंत पहिलं कडक होतं, तशी आतली ओल जाते. प्रार्थनेचे शब्द असतात, ओल नसते.

आता शब्दाबद्दल थोडं. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, योहानाच्या पहिल्या पत्रात, १:९ मध्ये, "जर आपण आपली पापे पदरी घेतली" असं लिहिलंय. पदरी घेतली! मला वाटतं हे भाषांतर ज्यांनी केलं त्यांना मराठी बाई माहीत होती. पदरात घेतलेलं मूल आपलं असतं, पदरचे पैसे म्हणजे आपल्या कमाईचे, पदरी पडलं की ते आपलंच झालं, शेजारणीच्या दारात ठेवता येत नाही. मूळ ग्रीक शब्द होमोलोगेओ आहे, त्याचा सरळ अर्थ "तेच बोलणं". म्हणजे देव एखाद्या गोष्टीला जे म्हणतो तेच मीही म्हणायचं. देव म्हणत होता चोरी, मी म्हणत होते हातउसने. अकरा महिने आमचं दोघांचं या एका शब्दावर अडलं होतं.

पहिली पायरी: जागा आणि वेळ

मत्तय ६:६ मध्ये प्रभू म्हणतो खोलीत जा, दार लावून घे. वन रूम किचनमध्ये सहा माणसं राहतात तिथे कुठली खोली आणि कुठलं दार, शेजारी पॉवरलूमचा खडखडाट रात्रभर. पण मला वाटतं दार लावणं म्हणजे कुणी बघणारं, ऐकणारं नसणं. गच्ची चालते. पहाटेची मोरी पण चालते. माझी एक मैत्रीण विड्या वळते, ती म्हणते हात चालू असतात पण तोंड बंद असतं, ते दोन तास माझे आणि देवाचे. मी पाणी यायच्या दिवशी बसते. आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठे येतं, चार-पाच दिवसांनी येतं, ते पण कधी पहाटे तीनला, घरातले सगळे झोपलेले असतात आणि टाकी भरेपर्यंत तुम्हाला जागं राहावंच लागतं. तेवढा वेळ फोनवर रील बघण्यात जायचा, आता तिथेच पालथ्या बादलीवर बसते.

रोजची पाच मिनिटं आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास, सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, ॲपवरचं बायबल वाचत असाल तरी या वेळेपुरतं कागदाचं पुस्तक घ्या, कारण वचन उघडायला जातो आणि मेसेज दिसतो.

दुसरी पायरी: आधी गप्प बसा

बसल्या बसल्या पापांची यादी करायला घेऊ नका. आपण यादी केली की सोपी सोपी पापं येतात, उपासनेला उशीर झाला, रागावले, शास्त्र वाचलं नाही. खरं जे आहे ते यादीत येतच नाही, कारण त्याला आपण दुसरं नाव दिलेलं असतं. १३९ व्या स्तोत्राच्या शेवटी दावीद देवाला म्हणतो की तूच मला तपासून बघ, माझं मन जाण. म्हणजे शोधायचं काम देवाकडे द्यायचं. ही दोन वचनं (२३ आणि २४) मोठ्याने वाचा, मग पाच मिनिटं काही बोलू नका. पहिल्या दिवशी काहीच होणार नाही, डोक्यात भाजी आणि दूधवाला येईल. येऊ द्या. चौथ्या पाचव्या दिवशी एखादा चेहरा समोर येतो आणि पोटात कसंतरी होतं. तिथे थांबायचं.

इथे एक फरक ओळखायला शिका, हा मला फार उशिरा कळला. पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा तो नेमकं बोलतो, अमुक दिवशी अमुक माणसाला तू असं म्हणालीस. आणि सैतानाचा आरोप असतो तो ढगासारखा, तू वाईटच आहेस, तुझ्यासारखीचं काही खरं नाही, तू कसली ख्रिस्ती. पहिल्यातून काहीतरी करायची वाट निघते, दुसऱ्यातून फक्त रडू येतं आणि माणूस अंथरुणात तोंड घालून पडतो. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, ७:१० मध्ये, प्रेषित पौल हेच सांगतो, एक दुःख देवाला अनुसरून असतं, त्यातून पश्चात्ताप होतो, आणि दुसरं जगाचं दुःख, ते मरणाकडे नेतं. ढग आला तर त्याच्याशी वाद घालू नका, रोमकरांस ८:१ वाचा (ख्रिस्तात असलेल्यांना दंडाज्ञा नाही) आणि उठून कामाला लागा.

तिसरी पायरी: नाव घेऊन बोला

सगळ्यात अवघड पायरी हीच. वाक्य "मी" पासून सुरू करायचं, त्यात क्रियापद असलं पाहिजे आणि त्यात "पण" येता कामा नये. एवढंच. करून बघा, घाम फुटतो.

"प्रभू, माझ्या स्वभावात थोडा राग आहे" याला मी कबुली म्हणत नाही, हे स्वभावाचं वर्णन झालं. "प्रभू, मंगळवारी मी सासूबाईंना मुद्दाम पाहुण्यांसमोर टाकून बोलले, त्यांचा अपमान व्हावा म्हणूनच बोलले" ही कबुली. "पैशांच्या बाबतीत मी कमी पडतो" असं नको. "मी पावती २५० ची केली आणि घेतले ३००" असं म्हणा. "डोळ्यांची शुद्धता दे" हे नंतर मागा, आधी रात्री फोनवर काय बघितलं ते त्याच्या नावाने सांगा, देवाला लाज वाटत नाही, त्याला माहीतच आहे.

"पण" इतका चिवट का असतो याचं उत्तर उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातच आहे. आदाम म्हणतो, तू जी बायको मला दिलीस तिने दिलं म्हणून मी खाल्लं. एका वाक्यात बायको पण दोषी आणि देव पण. शौल राजाचं बघा, पहिला शमुवेल १५. अमालेक्यांचं सगळं नष्ट कर म्हणून देवाने सांगितलं होतं, त्याने चांगली चांगली मेंढरं राखून ठेवली, आणि शमुवेल संदेष्टा आल्यावर शौल म्हणतो परमेश्वराची आज्ञा मी पाळली. शमुवेल विचारतो, मग माझ्या कानावर हे मेंढरांचं ओरडणं कसलं येतंय? तेव्हा म्हणतो लोकांनी ठेवली, यज्ञासाठी. शेवटी "मी पाप केलं आहे" हे शब्द त्याच्याही तोंडून येतात, पण लगेच पुढे काय मागतो तर लोकांच्या वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख. दावीद मात्र नाथान संदेष्ट्याने गरीब माणसाच्या मेंढीची गोष्ट सांगून "तो मनुष्य तूच" म्हटल्यावर एवढंच बोलतो, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. त्याचं पाप शौलापेक्षा लहान नव्हतं, व्यभिचार आणि खून दोन्ही. फरक एवढाच की त्याने मान राखायला सांगितलं नाही. ५१ वं स्तोत्र पूर्ण वाचा, एकही "पण" सापडणार नाही.

मनात बोलून चालत असेल तर चालवा, मला चालत नाही, मनात बोलता बोलता मी वाक्य गोल करते. म्हणून मी कुजबुजत का होईना तोंडाने बोलते. घरात कान असतील तर कागदावर लिहा आणि झाल्यावर फाडून टाका. मोबाइलच्या नोट्समध्ये लिहू नका, ते कुणाच्या तरी हाती लागतं. आणि आपल्या घरच्या भाषेत बोला. सोलापुरात निम्म्या घरांत दोन-तीन भाषा असतात, आमच्या गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू सगळं चालतं, एक आजी उपासनेत शुद्ध मराठीत प्रार्थना करतात आणि घरी कन्नडमध्ये, आणि त्या स्वतःच म्हणतात की पाप कन्नडमध्येच खरं सांगता येतं. मी माझी चोरी ज्या दिवशी "अपहार" न म्हणता "मी डब्यातले पैसे चोरले" अशी म्हटली त्या दिवशी अकरा महिन्यांनी पहिल्यांदा रडले.

चौथी पायरी: क्षमा मिळाली हे धरा

ही पायरी आपल्याकडची बरीच चांगली माणसं गाळतात. कबूल करतात, रडतात, आणि उठतात ते तसंच ओझं घेऊन, दुसऱ्या दिवशी परत तेच कबूल करतात. किंवा सौदा सुरू होतो, प्रभू मी तीन शुक्रवार उपवास करते, एवढं मिटव. हा नवस झाला. उपवास चांगला आहे, मी करते, पण उपवास ही क्षमेची किंमत नाही, ती किंमत वधस्तंभावर दिलेली आहे आणि कुणी दुसऱ्यांदा भरायची नाही.

म्हणून कबुली झाली की तिथेच १ योहान १:९ चा उरलेला भाग मोठ्याने वाचा, तो विश्वसनीय व न्यायी आहे, म्हणून आपल्या पापांची क्षमा करील. "न्यायी" शब्दावर बोट ठेवा. दया म्हणून सोडलं असतं तर उद्या मूड बदलेल अशी भीती राहिली असती, पण इथे भरपाई झाली आहे म्हणून सोडलंय. मग उपकारस्तुती करा, दोन वाक्यं पुरेत. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट आठवली तर परत क्षमा मागू नका, आभार माना. अंगावर काही जाणवेलच असं नाही. मला त्या रात्री काही हलकं बिलकं वाटलं नाही, उलट पुढचं काय करायचं ते दिसायला लागलं म्हणून छातीत धडधड सुरू झाली.

पाचवी पायरी: त्या माणसाकडे जा

मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू सांगतो, वेदीपाशी दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. देवाची क्षमा मिळाली म्हणजे माणसाकडे जायची गरज नाही असं मानून बसणाऱ्यांना हे वचन फार जड जातं, मला पण गेलं.

एक नियम मला एका वडीलधाऱ्या मावशींनी दिला, पाप जेवढं पसरलं तेवढीच कबुली पसरवायची. मनातल्या मनात कुणाचा हेवा केला तर तो देवालाच सांगा, त्या बाईला जाऊन "मी तुझा हेवा करायचे" सांगून तिच्या डोक्याला ताप देऊ नका. एकाला बोललात तर त्या एकाकडे जा. सगळ्या मंडळीसमोर केलंत तर मंडळीसमोर. माझं प्रकरण गटाच्या पैशांचं होतं, म्हणजे गटासमोर.

जाताना काय बोलायचं ते आधी ठरवून जा, दोन-तीन वाक्यं. मी काय केलं, ते चूक होतं, मला क्षमा कर. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" म्हणू नका, त्यात परत असेल आणि तर आले. आपली परिस्थिती सांगत बसू नका, त्याने विचारलं तर सांगा. आणि तो लगेच "जाऊ दे हो" म्हणाला तर बरं वाटतं, पण शक्यतो "नाही, तुम्ही क्षमा केली का" असं एकदा विचारा. नाही म्हणाला तर तो त्याचा हक्क आहे. व्हॉट्सॲपवर माफी मागू नका, त्याचा स्क्रीनशॉट फिरतो आणि आवाजातला पश्चात्ताप त्यात दिसत नाही. गावाला असेल तर फोन करा.

पैशाचं असेल तर पैसे परत. जक्कय नावाचा जकातदार येशूला म्हणाला होता कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट देतो. मोशेच्या नियमशास्त्रात लेवीय ६:५ आणि गणना ५:७ मध्ये मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा सांगितलाय. आपण काही त्या नियमाखाली नाही, पण हिशोब म्हणून मला तो आवडला, ज्याचं घेतलं त्याला त्याच्याशिवाय राहावं लागलं त्या दिवसांची ही किंमत. २००० वर ४०० धरून २४०० झाले. माझ्याकडे एकदम नव्हते, आधी मावशींना सांगितलं, मग गटासमोर सांगितलं आणि चार हप्त्यांत ६०० प्रमाणे भरले. पैसे जमले की सांगू असं म्हणून थांबले असते तर अजून अकरा महिने गेले असते, म्हणून आधी सांगा, मग भरा.

काय झालं? सहा-सात जणी उठून गळ्यात पडल्या. एक बाई चार महिने माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं, कारण मधल्या काळात तिच्या नवऱ्याच्या ऑपरेशनला डब्यातून थोडेच पैसे देता आले होते आणि का ते तिला तेव्हा कळलं. हे मला आधी माहीतच नव्हतं. मी कुणाचं नुकसान केलं नाही असं मी अकरा महिने धरून चालले होते. डबा दुसरीकडे गेला, तो मी परत मागितलेला नाही. क्षमा मिळाली म्हणजे किल्ली परत मिळते असं नाही.

सहावी पायरी: एका माणसाला तरी माहीत असू द्या

याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा असं स्पष्ट आहे. जे पाप परत परत होतं, दारू, मटका, फोनवरची घाण, खोटं बोलायची सवय, ते एकट्याने क्वचितच सुटतं. अंधारात ते वाढतं. कुणाला सांगायचं? वयाने, विश्वासाने थोडं पुढे असलेलं माणूस, बाईने बाईला, पुरुषाने पुरुषाला. एक साधी परीक्षा आहे, ते माणूस तुमच्याजवळ दुसऱ्यांच्या गोष्टी बोलतं का? बोलत असेल तर तुमची पण बोलणार. "प्रार्थनेसाठी सांगतेय हं" म्हणून सुरू झालेली किती चुगली मी ऐकली आणि केली पण आहे, तेही पदरी घेतलंय. प्रेयर ग्रुपवर कुणाचं पाप नाव घेऊन किंवा नाव न घेता टाकू नका, सोलापूर लहान आहे, कळतं.

पाळकांकडे जाता येतं, आपण प्रोटेस्टंट लोक उगीच लाजतो. कॅथलिक भावंडांकडे तर हा संस्कारच आहे, धर्मगुरूजवळ पाप नाव घेऊन सांगायचं, ते पापक्षमा जाहीर करतात आणि प्रायश्चित्त म्हणून काही प्रार्थना किंवा कृती देतात, आणि ऐकलेलं धर्मगुरूने कुठेही, कोर्टात सुद्धा, सांगायचं नाही असा त्यांचा कडक नियम आहे. मतभेद असतील ते असोत, गुपित राखण्याची ती शिस्त आपण उचलावी असं मला मनापासून वाटतं.

इथे दोन गोष्टी गंभीरपणे सांगते. ज्याच्यावर अत्याचार झाला त्याने कबुली द्यायची नसते. घरात मार खाणारी बाई किंवा ज्या पोराला कुणी वाईट हात लावला ते पोर, त्यांच्या मनात लाज असते, पाप नसतं, त्यांना "तू पण क्षमा माग" म्हणणं हा दुसरा अत्याचार आहे. त्यांना सुरक्षित जागा द्या, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर आहेत, पोलिसांसाठी ११२. आणि ज्याने असं कृत्य केलं तो मंडळीत रडून कबूल झाला म्हणून प्रकरण घरातल्या घरात मिटत नाही, कायद्याचं काम कायद्याने करावं लागतं. दुसरी गोष्ट, कुणी महिनोन्महिने झोपत नाही, जेवत नाही, क्षमा मिळालीच नाही म्हणून तेच तेच कबूल करत बसतं, जीव द्यायचं बोलतं, तर प्रार्थना चालू ठेवा आणि डॉक्टरकडे पण न्या, मनाच्या आजाराचे डॉक्टर असतात, त्यात विश्वास कमी असल्याची खूण काही नाही.

सातवी पायरी: आपल्या हातातली वही

प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोज म्हणतो, जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. ऋण, परत उधारीच. आपल्याकडे पण एक वही असते, जाऊबाईंनी बारशाला काय म्हटलं, भावाने घराच्या वाटणीत काय केलं. मी आठवड्यातून एकदा नाव घेऊन म्हणते, प्रभू, अमक्याने माझं हे केलं, ते खरंच वाईट होतं, मी त्याच्याकडून वसूल करणार नाही. "काही नाही हो झालं" असं म्हणू नका, झालंय म्हणूनच सोडायचंय. सोडल्यावर लगेच त्याच्याशी गोड वागता येईलच असं नाही, आणि जो अजून त्रास देतोय त्याच्यापासून लांब राहिलं तरी क्षमा खोटी ठरत नाही.

परत तेच झालं तर?

होतं. पडलात की त्याच दिवशी कबूल करा, रविवारपर्यंत थांबू नका. टाकीचं मी बघते ना, दर पाण्याला दोन मिनिटं तळ घासला तर गाळ बसत नाही, वर्षभर सोडली तर माणूस आत उतरवावा लागतो. आणि फक्त क्षमा मागून थांबू नका, ते पाप कुठल्या दाराने येतं ते बघून दार बंद करा. नीतिसूत्रे २८:१३ मध्ये कबूल करणं आणि सोडून देणं दोन्ही जोडीने आलंय. रात्री अकरानंतर फोन, तर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. ठरावीक मित्राबरोबर बसलं की बाटली निघते, तर त्या रस्त्याने घरी जायचं नाही, सात रस्त्यावरून वळसा पडला तरी पडू दे.

हे सगळं झालं की मग प्रार्थनेचा बाकीचा भाग, स्तुती, दुसऱ्यांसाठी मध्यस्थी, आपल्या गरजा, तो आपोआप मोकळा होतो, त्यासाठी वेगळी युक्ती लागत नाही. मी आता मध्यस्थी करताना लोकांबद्दल कमी बोलते आणि त्यांच्यासाठी जास्त मागते, हा फरक माझा मलाच जाणवला.

रविवारच्या पापांगीकाराबद्दल पण बोलायला हवं. नगर-सोलापूर भागातल्या आपल्या बऱ्याच मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या, आज त्यातल्या बऱ्याच सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये) आहेत, आणि उपासनेच्या क्रमात सगळ्यांनी मिळून पाप कबूल करायचा भाग असतो. पाठ आहे म्हणून तो भरभर म्हटला जातो. प्रभुभोजनाचा (कम्युनियनचा) रविवार असेल तर शनिवारी रात्रीच वर सांगितलेला अर्धा तास काढा, पौलाने करिंथकरांस सांगितलंय की माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. मग दुसऱ्या दिवशी तो छापील पापांगीकार म्हणताना मध्ये तुमचं स्वतःचं पाप आणि त्याच्या मागे मिळालेली क्षमा दोन्ही असतं. आणि "आम्ही" म्हणतो तेव्हा ते "आम्ही" पण खरं धरा, नहेम्या आणि दानिएल यांनी आपल्या बापदाद्यांचं पाप सुद्धा आपलं म्हणून कबूल केलं, आपल्या मंडळीतली भांडणं, जातीवरून केलेला भेदभाव, निवडणुकीतले गट, हे कुणाच्या पदरी घालणार आहोत?

पुण्याला रेल्वेने जाताना दौंड गेलं की थोड्या वेळाने केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे आत्मिक संजीवन (रिव्हायव्हल) झालं त्याची सुरुवात काही मोठ्या भाषणातून झाली नव्हती, महिनोन्महिने मुली आणि बायका रोज एकत्र प्रार्थना करत होत्या आणि मग रडून, नाव घेऊन पापं कबूल करायला लागल्या. गाडी तिथून जाते तेव्हा मी खिडकीतून बघते, आणि दरवेळी वाटतं की त्या बहुतेक मुली दुष्काळातून, मारहाणीतून आलेल्या, त्यांच्यावरच जगाने अन्याय केलेला, तरी त्या आपलं आपलं देवासमोर ठेवत होत्या.

घरात मुलांना हे कसं शिकवायचं असं काही जणी विचारतात. मुलांना कबूल करायला लावू नका, त्यांच्यासमोर करा. मुलाला उगीच मारलं असेल तर संध्याकाळच्या प्रार्थनेत त्याचं नाव घेऊन देवाची आणि त्याची क्षमा मागा. मी डब्याचं सगळं मिटल्यावर मुलीला बसवून सांगितलं, तेव्हा ती नववीत होती. तिने विचारलं, "म्हणजे माझी क्लासची फी चोरीची होती?" मी म्हटलं, हो, होती, आता फेडलीय. ती बराच वेळ पंख्याकडे बघत बसली, मग म्हणाली, "आई, मला पण एक सांगायचंय, पण तू मध्ये बोलू नकोस."